समितीचा सभासद

गेल्या उन्हाळ्यांत नागोठण्यास अंबा नदीच्या काठीं फिरतांना आमच्या एका जुन्या विद्यार्थ्यानें आम्हांस अडचणीचा प्रश्न घातला. तो आतां स्वतः अध्यापक आहे. पोलिसांच्या शिक्षणावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी समितीवर त्यास बोलावणें आलें होतें. "सर, उद्यां एखाद्या ठाण्यांत कुणास मारहाण झाली, तर त्या पापांत माझाही वांटा धरावयाचा काय?"

1971 सालीं केंद्र सरकारनें पोलीस-शिक्षणाविषयीं समिती नेमली, तेव्हां तिचें अध्यक्षपद कोणा पोलीस अधिकाऱ्यास न देतां मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचे संचालक प्राध्यापक माधव सदाशिव गोरे यांस दिलें. केवळ कवायत आणि कायद्याचीं कलमें यांनीं शिपाई घडत नाहीं, समाजाकडे पाहण्याची त्याची दृष्टि घडवावी लागते, असा 1973 च्या अहवालाचा रोख होता. समितीचें काम चालूं असतांनाच, 26 मार्च 1972 च्या रात्रीं, देसाईगंजच्या पोलीस ठाण्यांत एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाल्याची तक्रार झाली. दोघा शिपायांस उच्च न्यायालयानें दोषी ठरविलें. सर्वोच्च न्यायालयानें 1978 सालीं त्यांस सोडून दिलें. त्यावर 1979 सालीं कायद्याच्या चार अध्यापकांनीं सरन्यायाधीशांस अनावृत पत्र लिहिलें. त्यांत वसुधा धागमवार व रघुनाथ केळकर होते. त्यांस कोणीं मत विचारलें नव्हतें. त्या पत्रानें उठलेल्या चळवळीनंतर 1983 सालीं कायदा बदलला.

देसाईगंजचा दोष समितीच्या माथीं मारणें वेडेपणाचें होईल. सभासदाचा वांटा आमच्या मतें निराळाच आहे. अहवाल सादर होतांच समिती संपते. सभासद मात्र जिवंत असतो. जें शिकवावें म्हणून त्यानें सही केली, तें शिकविलें गेलें कीं नाहीं, हें विचारण्याचें ओझें त्याच्यावरून उतरत नाहीं. आम्हीही एकदां एका लहानशा समितीवर होतों. (प्रवासभत्ता मात्र वेळेवर मिळाला.) वर्षानें अहवालाची चौकशी करणारें एक पत्र आम्ही धाडलें, उत्तर आलें नाहीं.

"सभासदत्व घ्यावें," आम्ही म्हणालों, "आणि पुढें दरवर्षीं विचारीत राहावें."

"उत्तर न आल्यास?"

"पुन्हां लिहावें."

आम्ही स्वतः दुसरें पत्र लिहिलें नव्हतें, हें त्यास सांगण्याचें धैर्य मात्र आम्हांस झालें नाहीं.