पालखीच्या वाटेवरची शाळा

पुण्याचा मुक्काम आटोपला की हडपसरला ज्ञानोबामाउलींची पालखी दिवे घाटाकडे वळते आणि तुकोबारायांची पालखी सोलापूरच्या सडकेने लोणी काळभोरला येते. पालखी आपल्या तळावर विसावते. दिंड्यांचे मात्र तसे नाही. जिथे पाठ टेकायला जागा मिळेल तो आपला मुक्काम. कुणी देवळात, कुणी ओसरीवर, कुणी तंबूत, आणि या साऱ्या वाटेवर किती तरी जण शाळेत.

पोरांच्या फळ्यावर खडूने दिंडीचा नंबर लिहायचा, बाके भिंतीला सारायची, वीणा खुंटीला लावायचा. पहाटे काकडा झाला की निघायचे. मागे काय ठेवतो आपण? चिखलाची पावले, पत्रावळी आणि तुंबलेली मोरी! एका वर्षी वाटेवरच्या एका गावी शाळेचे छप्पर गळत होते. पडशी इकडून तिकडे सरकवीत रात्र काढली आणि सकाळी कुरकुरत निघालो. आमची ती एकच रात्र होती. पोरांना आख्खा पावसाळा त्याच छपराखाली बसायचे होते. पण हे आमच्या ध्यानात आले ते यवत मागे पडल्यावर!

कोणी म्हणेल, आपण नामाचे गिऱ्हाईक, आपला शाळेशी काय संबंध? अहो, नेवाशाला माउलींचे शब्द सच्चिदानंदबाबांनी लिहून घेतले. चाकणचे संताजी जगनाडे घाण्यावर बसणारे तेली. तुकोबांची वाणी त्यांनी वहीत उतरवली, असे आपण पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलो. लिहिणारा हात नसता तर आपण काय गायलो असतो? आजही किती घरांत निरक्षर आजी पोथीपुढे हात जोडून बसते आणि चौथीतली नात तिला ओवी वाचून दाखवते. त्या नातीला अक्षर कुठून आले? गावच्या शाळेतूनच ना?

आणि ही वाट काही नवी नव्हे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 साली काले गावी रयत शिक्षण संस्था काढली. पुढे सातारच्या वसतिगृहातली पोरे जगली ती घरोघरच्या मूठमूठ धान्यावर. धान्य सरले तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रसुद्धा. गाडगेबाबा दिवसा गाव झाडीत, रात्री कीर्तनात पोराला शाळेत घाला म्हणून विनवीत. त्यांनी पंढरीची चोखामेळा धर्मशाळा 1949 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. धर्मशाळेची विद्याशाळा झाली म्हणून विठोबा काही रुसला नाही.

शाळा सरकारची आहे, सरकार बघेल, हे खरेच. गुरुजींचा पगार सरकारनेच द्यायचा, आणि आपण दिले म्हणून त्याने हात आखडता घेता कामा नये. तेही ठणकावून मागितले पाहिजे. पण फुटलेले कौल, नळाची तोटी, मुलींच्या संडासाचे दार यांच्यासाठी मंजुरीची वाट बघत दोन पावसाळे का घालवावे? सप्ताहाला मांडव मोठा हवा म्हटले की आपण अर्ध्या तासात वर्गणी जमवतो. कळसाला तर नाही म्हणायची कोणाची छाती नसते!

मात्र द्यायची रीत असावी. 2010 पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेत व्यवस्थापन समिती सांगितली आहे. तीत तीन चतुर्थांश पालक असतात आणि निम्म्या बाया. पैसे तिच्या हाती द्यावेत, पावती घ्यावी, हिशेब ग्रामसभेत वाचून दाखवायला सांगावा. पोरांच्या दप्तरातून वर्गणीची चिठ्ठी पाठवू नये. ज्याच्या घरी नाही त्या लेकराची मान वर्गात खाली जाते. भिंतीवर आपल्या नावाची संगमरवरी पाटीही नको. पाटीच्या पैशात एक फळा येतो.

येत्या वारीत लोणीच्या मुक्कामी ज्या दिंड्या शाळेत उतरतील, त्यांच्या चोपदारांनी भिशीतून काही रक्कम आधीच बाजूला काढावी. पहाटे निघण्याआधी दोघांनी वर्ग झाडावा, दोघांनी मोरी धुवावी. फळ्यावरचा नंबर आपणच पुसावा आणि किल्ली हेडमास्तरांच्या हातात देऊन मग पताका उचलावी.

रामकृष्ण हरि.