'ध'चा 'मा' कुणी केला?

गेल्या वर्षी गणपतीची जेवणं आटोपली आणि आमच्या बेसमेंटमध्ये विषय निघाला नारायणराव पेशव्यांच्या खुनाचा. ३० ऑगस्ट १७७३, शनिवारवाडा. तेही गणपतीचेच दिवस. अठरा वर्षांचा पेशवा "काका, मला वाचवा" म्हणत धावला, ही गोष्ट आपण आजीकडूनच ऐकलेली. दोष आनंदीबाईचा, हेही तिथेच शिकलो. राघोबादादांनी 'धरावे' लिहिले, तिने 'मारावे' केले!

एक मित्र म्हणाला, "गारद्यांचा पगार थकला होता, ते चिडलेले होते." असतीलही. दादांना गादी हवी होती आणि पुतण्याने त्यांना वाड्यातच कैदेत ठेवले होते, हेही खरे.

इथेच वाढलेली माझी लेक मध्येच म्हणाली, "बाबा, समजा 'धरावे'च होतं. पण हत्यारबंद माणसं पुतण्यावर सोडली कुणी?" इथल्या बहुतेक राज्यांत अपहरणाच्या कटात कुणी मेले, तर कट रचणाऱ्यावरही खुनाचा आरोप येऊ शकतो. मी गप्पच झालो. एका अक्षराच्या जोरावर आपण दादांना अडीचशे वर्षे जामीन देत आलो, आणि जामीनदार कोण, तर बायको! रामशास्त्र्यांनी मात्र खुद्द दादांना देहान्त प्रायश्चित्त सांगितले आणि पद सोडले.

मुलांना ही गोष्ट मी दर वेळी आनंदीबाईचा कपटी आवाज काढून सांगत असे. यंदा धाकट्याने ती पुन्हा मागितली, तेव्हा नेमका त्या आवाजापाशी अडखळलो. तो म्हणाला, "बाबा, विसरलात का?"