आधी शेजाऱ्याचे दार



अनेक वर्षी असे घडते, की आपल्या हिंदू शेजाऱ्यांकडे घटस्थापना होते त्याच सुमारास यहुदी बांधवांचे नवे वर्ष सुरू होते. 'रोश हशाना' हे त्याचे हिब्रू नाव. कोकणातील बेने इस्राएल बांधव मात्र पिढ्यान्‌पिढ्या त्याला 'नव्याचा सण' म्हणत आले. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ज्यांना गावोगाव 'शनवार तेली' म्हणत, दिवेकर, पेणकर, किहीमकर अशी ज्यांची आडनावे, ते हे लोक. मातृभाषा मराठी. १९४८ नंतर त्यांच्यापैकी बहुतेक जण इस्राएलला गेले, तरी मुंबई, ठाणे, अलिबाग येथे त्यांची प्रार्थनामंदिरे आजही आहेत.

आपले नवे वर्ष ३१ डिसेंबरच्या रात्री येते. त्याची तयारी आपण कशी करतो ते सर्वांना ठाऊक आहे, त्यावर शाई खर्च करायला नको. यहुदी मंडळी मात्र महिनाभर आधीपासून जागी होते. वर्षअखेरच्या या महिन्याला 'एलुल' म्हणतात. एलुलच्या आरंभापासून प्रायश्चित्ताच्या दिवसापर्यंत, म्हणजे योम किप्पूरपर्यंत, ४० दिवस होतात. सोन्याच्या वासराचे पाप घडल्यावर मोशे दुसऱ्यांदा सिनाय पर्वतावर चढला आणि नव्या शिलापाट्या घेऊन उतरला, ते हेच ४० दिवस, अशी त्यांची परंपरा सांगते. उपवासकाळाचे ४० दिवस पाळणाऱ्या आपल्याला ही गणती परकी वाटू नये.

या दिवसांत पहाटे, उजाडण्यापूर्वी, मंडळी जमते आणि 'सेलिहोत' म्हणजे क्षमायाचनेच्या प्रार्थना म्हणते. बेने इस्राएल ज्या सेफार्दी रीतीने उपासना करतात, तिच्यात शनिवार सोडून महिनाभर हा क्रम चालतो. मेंढ्याचे शिंग, 'शोफार', फुंकले जाते. मुंबईतील त्यांचे सर्वांत जुने प्रार्थनामंदिर १७९६ साली सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी उभारले. त्याचे नाव 'शाआर हारहमीम', म्हणजे 'दयेचे द्वार'. पहाटेच्या अंधारात या नावाच्या दारातून आत शिरायचे ते कशासाठी, हे वेगळे सांगायला नको.

आत गेल्यावर ते छातीवर मूठ मारीत पाप कबूल करतात. आपणही मिस्साच्या आरंभी तेच करतो. पण एक फरक आहे. आपण 'मी' म्हणतो, ते 'आम्ही' म्हणतात. हिब्रू मुळाक्षरांच्या क्रमाने पापांची यादी येते: आम्ही लुबाडले, आम्ही निंदा केली. ज्याने आयुष्यात कुणाचा पैसा बुडवला नाही तोही 'आम्ही' म्हणूनच उच्चारतो. शेजारच्या बाकावरचा माणूस ते शब्द एकट्याने म्हणायला लाजेल, म्हणून सगळी मंडळी त्याच्याबरोबर म्हणते. शिवाय तो घसरत होता तेव्हा आपण गप्प बसलो, हा आपला वाटा आहेच. 'मी' म्हणणे चांगलेच आहे, त्यातून कुणाला पळता येत नाही. पण 'आम्ही'ची ही ताकद आपण थोडी विसरलो आहोत असे वाटते.

मात्र खरी तयारी प्रार्थनामंदिराच्या बाहेर होते. 'मिश्ना' या त्यांच्या प्राचीन ग्रंथाचा दंडक असा, की माणसाने देवाविरुद्ध केलेले पाप योम किप्पूरच्या दिवशी क्षमा होते, पण माणसाने माणसाविरुद्ध केलेले पाप त्या माणसाचे मन वळवीपर्यंत क्षमा होत नाही. बाराव्या शतकातील तत्त्वज्ञ मायमोनिडीज (ज्याला संत थॉमस अक्वायनस 'रब्बी मोशे' म्हणून आदराने उद्धृत करतो) याने त्याची रीतही घालून दिली आहे. पैसे घेतले असतील तर आधी ते परत करायचे, आणि तरीही क्षमा मागायचीच. नुसत्या शब्दाने दुखावले असेल तरी जायचे. त्याने ऐकले नाही तर तीन माणसे सोबत घेऊन जायचे, एकदा, दोनदा, तीनदा. तिसऱ्यांदाही तो हटून बसला तर दोष त्याच्याकडे गेला. आणि ज्याला दुखावले तो मरण पावला असेल तर? दहा माणसे घेऊन त्याच्या थडग्यापाशी जायचे आणि सर्वांसमक्ष सांगायचे, की या माणसाचा मी अमुक अपराध केला.

किती व्यवहारी धर्म आहे पाहा! आणि किती कठीण.

आपल्या धर्मग्रामात काय चालते? सणाआधी कुमसाराला रांग लागते. रांगेत दोन सख्खे भाऊ असतात, विहिरीच्या वाट्यावरून बारा वर्षे बोलत नाहीत. कुणी लग्नाचे आवतण दिले नाही म्हणून मयतीलाही गेले नाही. 'फादर, रागावलो' एवढे सांगून पापमुक्ती घेतली जाते, आणि शांतीचे चिन्ह देताना हात दुसऱ्याच बाजूला वळतो. पापमुक्तीचा संस्कार म्हणजे शेजाऱ्याचे दार टाळण्याची पळवाट, अशी ख्रिस्तसभेची शिकवण कधीच नव्हती. वेदीपाशी दान घेऊन आलेल्या माणसाला प्रभू येशू काय सांगतो ते मत्तयच्या पाचव्या अध्यायात वाचा. दान तेथेच ठेवून आधी भावाकडे जाण्याची ती आज्ञा ऐकणारे सारे यहुदीच होते. बोलणाराही यहुदीच होता.

मागायला जाणे अवघड, तसे देणेही. मायमोनिडीज क्षमा करणाऱ्यालाही सोडत नाही. समोरचा मनापासून मागत असेल तर कठोर राहू नये, राग लवकर सोडावा, असे तो बजावतो. दारी आलेल्याला उभे ठेवून जुना हिशेब वाचून दाखवण्याची आपली सवय त्याला ठाऊक असावी.

नव्याच्या सणानंतर दहाव्या दिवशी योम किप्पूर. बेने इस्राएल त्याला 'दारफळणीचा सण' म्हणत, म्हणजे दारे बंद करण्याचा सण. त्या दिवशी पांढरे कपडे घालून, पाण्याचा घोटही न घेता, घराची दारे लावून ते आत राहत, बाहेरच्या कुणाशी संपर्क ठेवत नसत. ज्याच्याकडे जायचे त्याच्याकडे त्याआधीच जाऊन यायचे, कारण त्या दिवशी दार लागलेले असे. दुसऱ्या दिवशी 'शिळा सण'. दारे उघडत, गरिबांना दान दिले जाई, आणि माणसे एकमेकांच्या घरी भेटायला निघत.