सरळ जाणारे हँडल

माझ्या स्कूटरचे हँडल आपोआप सरळ राहते, याचा मला बरीच वर्षे अभिमान होता. वडिलांनी 1998 साली घेतलेली ती बजाज चेतक. रंकाळ्यापासून दसरा चौकापर्यंत मी ती एका हाताने चालवीत असे आणि दुसऱ्या हाताने ओळखीच्यांना नमस्कार करीत असे. बँकेतली माझी कीर्तीही साधारण तशीच. वीस वर्षांत रोकड कधी कमी भरली नाही, कधी जास्त नाही. (जास्त भरली की अधिक घाम फुटतो, हे ज्याने काउंटर सांभाळला त्यालाच कळेल.)

अखेर ती स्कूटर विकायची ठरली. आमच्या शाखेतल्या शिपायाच्या मुलाला गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत नोकरी लागली, आणि आठ हजारांत सौदा झाला. देण्यापूर्वी एकदा दाखवून घ्यावी म्हणून उद्यमनगरात नेली. ज्या गावात बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेराच स्वतः बनवला, त्या गावच्या मिस्त्रींसमोर माणसाने थोडे नम्र असावे. मिस्त्रींनी पुढचे चाक उचलून हँडल डावी-उजवीकडे फिरवले. मध्यावर येताच ते 'टक्' करून बसले.

"कोन गेलाय, सायेब."

"अहो, पण सरळ जाते की!"

"त्येच तर दुखणं हाय."

हँडलचा दांडा वर आणि खाली अशा दोन ठिकाणी, छर्रे भरलेल्या वाट्यांत फिरतो. नट सैल राहिला की खड्ड्याखड्ड्याला छर्रे वाटीवर आपटतात, आणि खड्ड्यांचा तुटवडा मी तरी कोल्हापुरात पाहिलेला नाही. गाडी बहुतेक वेळ सरळच जात असल्यामुळे खाचाही सरळच्या जागीच पडतात. मग कुणीतरी नट आवळतो, छर्रे खाचांत जाऊन बसतात आणि मालकाला वाटते, हँडल किती छान धरून राहते!

खरे तर दुचाकी सरळ जातच नाही. क्षणाक्षणाला ती केसभर डावीकडे नि केसभर उजवीकडे वळत तोल सांभाळते. 2011 साली नेदरलँड्स आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी स्वाराशिवाय तोल राखणारी सायकल बनवली. तीसुद्धा पडू लागली की त्याच बाजूला चाक वळवते, म्हणूनच उभी राहते. थोडक्यात, ज्याला वाकडे जायची मुभा आहे तोच सरळ जाऊ शकतो. खाचेतले हँडल ही मुभा देत नाही. जोर लावला की एकदम नको तितके वळते, आणि हायवेवर शेजारून उसाचा ट्रक जात असला म्हणजे आटोपलेच.

हे ऐकून मला स्कूटरपेक्षा स्वतःचीच काळजी वाटू लागली. वीस वर्षांचा माझा सरळपणा, ते शील की खाच? वाकडे जायची संधी तरी मला कधी कुणी दिली होती? आमच्या काउंटरला वर कॅमेरा, मागे मॅनेजर!

संधी मिस्त्रींनीच दिली. "नट अर्धा आटा सोडतो, खाच कळायची न्हाई. पैसे ऱ्हाऊ द्यात. न्हाईतर कोनसेट घाला, मजुरीसकट बाराशे."

बी.कॉम.ला आम्हांला 1930 चा मालविक्री कायदा होता. खरेदीदाराने सावध राहावे, हे तत्त्व मी सात मार्कांसाठी पाठ केले होते. विकणाऱ्याने काय करावे, ते बहुधा ऑप्शनला टाकले असावे. पोराने उभ्या जन्मात चेतक चालवली नव्हती. बापाला तर मी सांगेन ते ब्रह्मवाक्य. आठ हजारांतून बाराशे गेले की उरले सहा हजार आठशे.

"कोनसेट घाला," मी म्हणालो. पण हे इतक्या पटकन तोंडातून गेले की मलाच संशय आला. हे मी बोललो की खाच बोलली? म्हणून म्हटले, "थांबा, चहा पिऊन सांगतो." चहा प्यालो, हिशेब पुन्हा मांडला, गोकुळ शिरगावचा रस्ता डोळ्यांपुढे आणला आणि परत येऊन तेच सांगितले. दुसऱ्यांदा सांगताना मात्र बाराशे रुपये चांगलेच जड गेले.

संध्याकाळी पोराने कॉलनीत एक चक्कर मारली. आधी शेजाऱ्यांच्या तुळशीकडे गेला, मग गटाराकडे, मग कसाबसा माझ्याकडे.

"काका, हँडल लईच हलकं वाटतंय हो. सैल झालंय काय?"

शिपायाने माझ्याकडे पाहिले. वीस वर्षांत प्रथमच त्याच्या नजरेत मला संशय दिसला.

"सायेब," तो चाचरत म्हणाला, "मग पाचशे कमी करा की."