वारा घालणारा भाग

तूतनखामेनच्या थडग्याचा शोध हॉवर्ड कार्टरला 1922 साली लागला. तिथल्या खजिन्यात राजाचा एक लांब दांड्याचा पंखा होता. लाकडावर सोन्याचा पत्रा मढवलेला, माथा अर्धगोल. त्या माथ्यावर एका अंगाला रथातून शहामृगांची शिकार करणारा राजा, दुसऱ्या अंगाला शिकार घेऊन परतणारा. पिसं कुठली, तेही दांड्यावर कोरलंय: हेलिओपोलिसच्या पूर्वेच्या वाळवंटात राजानं मारलेल्या शहामृगांची. एक पांढरं, एक तपकिरी, अशी तीस पिसं कडेला खोवलेली होती. ती किड्यांनी खाल्ली. सोनं अजून लखलखतंय.

म्हणजे वारा घालणारा भागच गेला. पंख्यांच्या नशिबी बहुधा हेच असतं. घडीचा पंखा मूळचा जपानचा. पूर्वेच्या व्यापारातून तो सोळाव्या शतकात युरोपात पोचला. तिथल्या कारागिरांनी काड्या हस्तिदंताच्या नाहीतर शिंपल्याच्या केल्या, पान कागदाचं किंवा पातळ कातड्याचं. पान फाटतं ते घडीवर, कारण दर उघडमिटीचा ताण तिथेच येतो. मग जुन्या काड्यांवर नवं पान चढवलं जाई. म्हणून पारखी संग्राहक आधी बघतो, की पान आणि काड्या एका वयाच्या आहेत का.

लंडनला ग्रिनिचमध्ये 1991 पासून खास पंख्यांचं संग्रहालय आहे. हस्तिदंत असा जपला जातो. पण ताडाचं पान, वाळा, बांबूच्या कांबी, जुन्या लुगड्याची झालर यांना कोण जपणार? उन्हाळा सरला की ते चुलीत नाहीतर उकिरड्यावर. म्हणूनच जतीन दास यांचं काम मला फार मोलाचं वाटतं. ओडिशात जन्मलेल्या या चित्रकारानं अनेक दशकं खपून सहा हजारांवर पंखे जमवले. बंगालचे ताडपानाचे, सौराष्ट्राचे मोतीभरताचे, पंजाबचे भरतकामाचे. राजाच्या सोन्याइतक्याच आस्थेनं त्यांनी गवताकाडीचा पंखाही उचलला.

अशा पंख्यावर करणारणीची सही नसते. तुमच्या माळ्यावर आजीच्या हातचा एखादा पंखा असेल, तर आज सकाळीच खाली काढा. ओल्या फडक्यानं पुसू नका, मऊ ब्रशनं धूळ झाडा. आणि तिचं नाव, गाव, शक्य असेल तर सालही, एका चिठ्ठीवर लिहून त्याच्यासोबत ठेवा.