बैल कुणाच्या बाजूचा?

"काका, तुम्ही मथुरवाले की बकासूरवाले?" कशेळीच्या एका गोदामात कामाला असलेल्या पोराने विचारलं. दोन्ही बैल आवडतात म्हटल्यावर मी मतदान बुडवून आल्यासारखं त्याने माझ्याकडे पाहिलं. बैलगाडा शर्यतींतले कल्याणचा मथुर आणि पुणे जिल्ह्यातला बकासूर यांच्या चाहत्यांची मोबाइलवरची जुंपाजुंपी नव्याने सांगायला नको. जुना व्हिडिओ आजचा म्हणून फिरतो, हरलं की झेंडापंच विकला गेलेला असतो, आणि दोघांचं कौतुक करणारा दुतोंडी ठरतो.

माझं म्हणणं सरळ होतं: शेण काढणाऱ्याने बोलावं, बाकीच्यांनी बघावं. कशेळी-काल्हेर पट्ट्यात भाताच्या खाचरांवर गोदामं उभी राहिली. त्यात 2014 पासून शर्यतींवर बंदी. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2021 मध्ये परवानगी दिली, तोवर या पोरांनी पळणारा बैल पाहिला तो बहुधा पडद्यावरच. वैरणीची पेंढी न उचललेल्यांना बैलाची पारख कुठून येणार?

पोराने एवढंच विचारलं, "अंबरनाथला गोळ्या काय फॅन लोकांनी झाडल्या?"

नोव्हेंबर 2022 मधला तो गोळीबार शर्यतीच्या वादातूनच झाला होता आणि वाद घालणारे गोठ्याबाहेरचे नव्हते. म्हणजे शेणात हात घातल्याने शहाणपण येतंच असं नाही. तरीही खोटे व्हिडिओ पसरवणं यामुळे माफ होत नाही, हे मी त्याला ऐकवलंच.

तटबंदी काही मोबाइलने आणलेली नाही. संगीत नाटकांतले गायक नट बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांच्या चाहत्यांचेही असेच तट होते. पण 8 जुलै 1921 ला टिळक स्वराज्य फंडासाठी दोघांचं मिळून 'संयुक्त मानापमान' नाटक झालं. बालगंधर्व भामिनी, केशवराव धैर्यधर. त्या रात्री आपल्या गायकाला ऐकायचं तर दुसऱ्यालाही ऐकणं भाग होतं.

नाटकवाल्यांनी तेव्हा केलं ते बैलगाड्यांत नित्याचंच आहे. जोडीतले दोन बैल पुष्कळदा दोन मालकांचे असतात. आज समोर पळालेला बैल उद्या आपल्याच बैलाशेजारी जुंपला जाऊ शकतो. म्हणून जाणता मालक विरोधी बैल डोळ्यांत तेल घालून पाहतो: सुटतो कसा, कुठल्या बाजूला पळतो, शेवटपर्यंत दम धरतो का. त्याला उद्याचा जोडीदार हवा असतो. मोबाइलवरच्या चाहत्याला जोडीदाराची गरजच नसते, म्हणून समोरच्याचं पळणं त्याला दिसत नाही.

तेव्हा शेण काढण्याची माझी अट मी मागे घेतो. गोठ्यातल्याला आणि गोदामातल्याला एकच अट पुरे: आधी समोरच्या बैलाचं एक खरं बलस्थान सांगावं, मग आपल्या बैलासाठी हवं तेवढं भांडावं. पोराला ही अट जाचक वाटली. मला विचाराल तर, भांडायचा हक्क याहून स्वस्तात मिळू नये.