उनकेश्वरचे ऊन पाणी

दिवाळीच्या सुटीत संभाजीनगरहून नांदेड जिल्ह्यातील उनकेश्वरी गेलो होतो. पैनगंगेकाठचे हे गंधकयुक्त झरे. पावसाचेच पाणी भेगांतून खोल जाते, भूगर्भाच्या उष्णतेने तापून वर येते; कथा मात्र शरभंग ऋषींच्या त्वचाव्याधीची नि श्रीरामाच्या बाणाची.

अंगावर कोड असलेला एक माळकरी कुंडात उतरला, तसे चारचौघे बाहेर निघाले. त्यांत मीही! कोड सांसर्गिक नव्हे, हे मला पक्के ठाऊक. मग भ्यालो कशाला? रोगाला, की चारचौघांना? वारीत ज्याच्या पायी लागतो, त्याचे अंग कधी तपासतो का हो आपण?

पुन्हा उतरायला गेलो, तोवर तो निघालाच होता. म्हणाला, “या माउली, पाणी आता मोकळं आहे.”